सरांनी कचेरीला दिलेलं चित्र

रावपुऱ्यातल्या ज्या सरकारी कचेरीत मी नोकरी केली, तिच्या भिंतींवर पूर्वी फक्त नोटिसा असायच्या. दाखल्यांसाठी आलेली माणसं बाकांवर बसून त्याच वाचायची. मग एक साहेब बदलून आले, त्यांना चित्रांचं वेड. "बडोद्यात एवढे चित्रकार, आणि आपल्या भिंती अशा?" असं म्हणून त्यांनी गावातल्या कलाकारांची कामं कचेरीत लावायचं ठरवलं. चित्रं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

मला पहिल्यांदा आठवले ते आमच्या मराठी शाळेतले ड्रॉइंगचे सर. घडियाळी पोळच्या जुन्या गल्लीत एकटेच राहायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणायचो, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला दिलेली. हाताला कंप सुटल्यापासून त्यांनी ब्रश धरला नव्हता. मी घरी गेले तेव्हा त्यांनी कपाटातून घाटाचं एक जुनं चित्र बाहेर काढलं. माझी नजर मात्र पलंगासमोरच्या चित्रावर गेली. बाई खिडकीशी बसून तुरीच्या शेंगा सोलताहेत, आणि कुणीतरी हाक मारावी तशी मान वर करून बघताहेत.

"सर, हे द्या ना."

"ते नको गं. तिचं तेवढंच आहे माझ्याकडे. फोटो काढायचा म्हटलं की पळायची ती. लग्नातल्या फोटोतसुद्धा मान खाली."

मी हट्ट धरला. कचेरीत रोज शेकडो माणसं येतात, ती बघतील, म्हटलं. सरांनी चौकटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "तिला माणसांत बसायला आवडायचं, हे खरं. इथे मी एकटाच बघतो." आणि स्वतःच खिळ्यावरून चित्र उतरवून त्यांनी माझ्या हातात दिलं.

चित्र माझ्या टेबलासमोरच लागलं. दर मंगळवारी सर यायचे आणि अर्जदारांच्या बाकावर तासभर बसायचे. एकदा एका गुजराती आजींनी त्यांना विचारलं, "आ बेन कोण छे?" सर म्हणाले, "मारी घरवाळी." आजींनी चित्राकडे बघून हात जोडले. त्या दिवशी सरांनी जाताना मला, दोन्ही शिपायांना आणि रांगेतल्या चार माणसांना चहा पाजला.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी रंगकाम काढलं. त्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नासाठी रजेवर होते. परत आले तर भिंती पांढऱ्याफेक आणि चित्रं रेकॉर्ड रूममध्ये.

मंगळवारी सर आले, नेहमीसारखे बाकावर बसले आणि रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले.

"कधी लावणार परत?"

"रंग वाळला की लावतील, सर."

खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "बेन, हवे त्यां बोर्ड लागशे." भिंतीवर योजनांचे फलक येणार होते. मग चित्रं ज्याची त्याला परत देऊ या, असं मी सुचवलं. त्यावर साहेब म्हणाले, कचेरीला दिलेली वस्तू अशी देता येत नाही, अर्ज करायला सांगा.

सरांनी अर्ज केला. कापऱ्या हाताने लिहिलेला तो कागद घेऊन ते माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, "सर, तुम्ही आत या, बसा." ते म्हणाले, "नको, उगीच तुला कुणी बोलेल." मी अर्जावर शिक्का मारला, आवक नंबर घातला, पोच दिली. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. अर्ज वर गेला, तिथून 'नियम तपासावा' असा शेरा घेऊन खाली आला, परत वर गेला.

जुन्या फायली काढायला एकदा रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्या हातात आली. चित्रं मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि त्या भिंतीपलीकडे संडास. ओल वर चढायला लागली होती. बाईंचं चित्र अजून बरं होतं, फक्त चौकटीचं लाकूड फुगलेलं. मी ते कोरड्या बाजूला सरकवलं. ओढणीत गुंडाळून नेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी कुलूप लावून किल्ली परत केली.

पावसाळ्यात फायलींचे गठ्ठे हलवताना कुणीतरी बाईंचं चित्र पुन्हा त्याच ओल्या भिंतीला टेकवलं. दिवाळीनंतर कचेरी दुसऱ्या इमारतीत जायची ठरली, आणि नको ते सामान काढताना साहेब आपण होऊन म्हणाले, "बेन, पेलां चित्रो लई जाओ. नहीं तो भंगारमां जशे."

बाईंचं चित्र दुसऱ्या एका चौकटीच्या पाठीला चिकटलं होतं. मी हळूहळू सोडवलं, तरी चेहऱ्याचा रंग पलीकडेच राहिला. शेंगा होत्या, हिरवं लुगडं होतं, खिडकी होती. चेहऱ्याच्या जागी नुसतं मळकट कापड.

रिक्षात बसल्यावर मी तीनदा ठरवलं की सरांना सांगायचं, चित्र सापडलंच नाही. त्यांच्या घरी पोचले तर त्यांची मुलगी आलेली. ती त्यांना पुण्याला न्यायला आली होती, सामान बांधणं चाललं होतं. मी चित्रावर गुंडाळलेला कागद सोडला. सरांनी चित्र पलंगावर ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू रोज बघायचीस ना गं समोरून?" ते म्हणाले. "तिच्या भुवया कशा होत्या? मला हल्ली नीट आठवत नाही."

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. दोन वर्षं ते चित्र माझ्यासमोर होतं, पण मी बहुतेक वेळ खाली, अर्जांकडेच बघत होते. शेवटी मी म्हणाले, "चांगल्या होत्या, सर. रेखीव."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना निरोप द्यायला गेले. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडीत जागा नाही, हे इथेच राहू द्या." चित्र मांडीवर उभं धरून ते मागच्या सीटवर बसले, आणि मी बाहेरून गाडीचं दार लावलं.