भोंग्याचा नंबर

अरे भोंग्या,

तुझा फोन मी अजून चार्ज करते. सून म्हणते, "आई, मामांना जाऊन वर्ष होत आलं, आता नंबर बंद करू या." मी ऐकू न आल्यासारखं करते. या वयात तेवढी सोय असते.

लहानपणी तू गळा काढलास की सगळी गल्ली गोळा व्हायची, म्हणून तू भोंगा. पुढे पोटापाण्यालाही तेच धरलंस, कंपनीत काही बिघडलं की बोंब ठोकायची. भिंतभर कॉम्प्युटरचे पडदे, त्यांवर हिरवे ठिपके. एखादा लाल झाला की कंपनीचा सर्व्हर बिघडला आणि तुझा फोन वाजला. भरल्या ताटावरून उठायचास. माझ्या मुलाच्या लग्नात ऐन फोटोच्या वेळी गायब. "ताई, सर्व्हर पडला."

"तुझ्या डोक्यावर नाही ना पडला? मग उभा राहा गप."

मग तू शहाणपणा केलास. बिघाड प्रोग्रॅमनंच ओळखायचा, जागा भरली तर जुन्या फायली पुसायच्या, अडकलं तर बंद करून पुन्हा सुरू करायचं. मोठी दुरुस्ती झाली तरच एका माणसाला आपोआप फोन, तुझ्याच आवाजात निरोप भरून ठेवलेला. "निदान एकाला तरी कळायला नको का, ताई?" तो एक म्हणजे तू. काम इतकं चोख केलंस की फोन वाजेनासाच झाला. निवृत्त झालास, तेव्हा तुझा नंबर तिथून काढायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हापासून तुझं एकच. माझ्याकडे जेवायला आलास तरी फोन ताटाशेजारी, उताणा.

"वाजत नाही रे तो. भाजी घे."

"वाजेल गं."

कुणीतरी म्हणावं, आमचं अडलंय, या. केवढी आस ती! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. समोर सख्ख्या बहिणीचं अडलं होतं, ते नाही दिसलं. आईचं शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचं होतं. ते लोखंडी धूड एकट्याच्यानं हलत नाही.

अखेर एका दुपारी आलास. एक बाजू तू धरलीस, एक मी. दारापर्यंत पोचलो आणि फोन वाजला. मशीन तिथंच टाकून धावलास. चेहरा काय फुलला होता! मी म्हटलं, मलाही ऐकव. तुझाच आवाज, तरुण, ठणठणीत: "सर्व्हर बंद पडला होता. पुन्हा सुरू केला आहे. काही करायची गरज नाही."

"छान चालतंय की," म्हणालास आणि मटकन खुर्चीत बसलास. "मशीन पुढच्या आठवड्यात नेऊ, ताई."

पुढच्या आठवड्यात तू हॉस्पिटलात होतास. तिथून घरी आलाच नाहीस.

परवा भर दुपारी तो फोन वाजला. ओल्या हातांनीच धावले. तोच आवाज. "...काही करायची गरज नाही."

"आहे रे," मी म्हटलं, "मशीन उचलायचंय." तोवर बंद झाला होता.

आता तो माझ्या ताटाशेजारी असतो, उताणा. कुणाचं वाईट चिंतू नये, कळतं मला. पण त्या कंपनीचा एखादा सर्व्हर पडावा असं रोज वाटतं.

मशीन अजून दारातच आहे. सून ठेचकाळते, पुटपुटते. मुलगा म्हणतो, "आई, धर एका बाजूनं, आत्ता नेऊन टाकू." मी काहीतरी निमित्त काढते. तुझी बाजू त्याच्या हातात द्यायला मन होत नाही.