जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर

जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग शहरात घर मिळता मिळेना, म्हणून आम्ही जवळच्या या गावात आलो. तात्पुरतं, असं नवरा म्हणाला होता. तो काम करतो तो गाड्यांचा कारखाना इथून गाडीने जवळ पडतो आणि घरमालकाला परदेशी माणसं चालत होती, एवढ्या दोन गोष्टींवर आमचं गाव ठरलं. घर म्हणजे गावाची जुनी शाळा. गावातली मुलं कमी झाली तेव्हा शाळा बंद पडली आणि पुढे कुणीतरी ती विकत घेऊन तिचे फ्लॅट केले. आमच्या वाट्याला वरचा मजला आला. हॉलच्या खिडक्या इतक्या उंच होत्या की पडदे शिवून घ्यावे लागले.

गावात काय काय आहे ते पहिल्याच दिवशी पाहून झालं. कांद्यासारखा घुमट असलेलं चर्च, त्याला लागून दफनभूमी, फुटबॉलचं मैदान, स्वयंसेवकांचं अग्निशमन दल आणि दुपारी बाराला दार लावून घेणारी बेकरी. गास्टहाउस, म्हणजे गावची खानावळ होती, पण ती गुरुवारपासून रविवारपर्यंतच उघडी. बँकेची शाखा केव्हाच गेली होती. तिच्या भिंतीवर आता सिगारेटचं मशीन तेवढं टांगलेलं होतं. किराण्याचं दुकान शेजारच्या गावात. बस सकाळी शाळेच्या मुलांना घेऊन जायची, दुपारी त्यांना परत आणायची आणि रविवारी यायचीच नाही.

पुण्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. इथे माझ्या पदवीला मान्यता मिळायची होती आणि कागद कुठल्या तरी टेबलावर पडून होते. नवरा गाडी घेऊन भल्या सकाळी जायचा, लेक किंडरगार्टनमध्ये. मग त्या उंच खिडक्यांच्या खोलीत माझं मन लागेना. पुस्तक उघडायचे, मिटायचे. डाळ शिजायला टाकून जिना उतरायचे आणि अर्ध्यातून परत गॅस बंद करायला यायचे. बसस्टॉपपर्यंत जायचं, वेळापत्रक वाचायचं, परत फिरायचं, हे तर रोजचंच झालं. कुठे जायचं होतं तेही मला ठाऊक नव्हतं.

बसस्टॉपच्या समोरच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, केस बारीक कापलेले, पाठ ताठ. एक दिवस त्या खिडकीतून म्हणाल्या, "बस आता दुपारीच येईल."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग कशाची वाट बघताय?"

"कशाचीच नाही."

त्यांनी खिडकी लावून घेतली. रागावल्या असं मला वाटलं, पण त्या कोट चढवून बाहेर आल्या. "चला," म्हणाल्या. "नुसतं उभं राहून पाय दुखतात. चालून दुखलेले बरे."

त्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता. मी दोन व्यायाम दाखवले; ते त्या तक्रार न करता करायच्या. चालताना गाव दाखवायच्या. हा गोठा होता, आता इथे सुट्टीला आलेल्यांना खोल्या भाड्याने देतात. या विहिरीचं पाणी सगळं गाव प्यायचं. या घरातल्या मोठ्या मुलाने शेत विकलं आणि नंतर चर्चमध्ये कुणाशी बोलेना. चर्चचा घुमट गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून बांधला, असं म्हणतात. "म्हणतात हं," त्या पुढे जोडायच्या, "मी काही इथली नाही."

मला वाटलं, लग्न होऊन आल्या असतील.

कडाक्याच्या थंडीत एकदा चालणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना घरी चहाला बोलावलं. जिना चढताना त्या कठड्याला हात लावत, थांबत थांबत आल्या. हॉलच्या दारात मात्र उभ्याच राहिल्या. लेक जमिनीवर ठोकळे मांडून बसली होती. मी "आजींना नमस्कार कर" म्हटलं, तर तिने जर्मनमध्ये "हॅलो" म्हटलं आणि पुन्हा खेळायला लागली. आजींचं लक्षच नव्हतं. त्या सोफ्यामागच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

"तिथे आम्ही झोपायचो," त्या म्हणाल्या.

"शाळेत?"

"शाळाच होती तेव्हा. बाकं बाहेर काढून पेंढा पसरला होता."

चहा निवून गेला, मग मी दुसरा केला. दुसरं महायुद्ध संपल्यावर बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक देशातल्या, जर्मन लोकांबरोबर त्यांनाही घरातून काढून दिलं होतं. आई, त्या आणि त्यांची भावंडं, मालगाडीने. वडिलांचा पत्ता नव्हता. गाडीतून उतरवून त्यांना या गावात आणलं आणि अशा अनेक कुटुंबांना या खोलीत टाकलं. मध्ये चादरी बांधून ज्याचं त्याचं घर. गावाला ही माणसं नको होती. भाषा तीच, पण बोलण्याची ढब वेगळी. गावातली मुलं ती ऐकून हसायची. पुढे गावकऱ्यांना एकेका कुटुंबाला घरात ठेवून घ्यावं लागलं. आजींच्या आईने त्या घरची गाईगुरं सांभाळली.

"आई रोज म्हणायची, पेट्या पूर्ण उघडू नका, आपण परत जाणार आहोत," आजी म्हणाल्या. "मी इथे लग्न केलं, मुलं वाढवली, नवऱ्याला इथेच पुरलं. पण अजून माझं चित्त ठिकाणावर नाही. तुम्ही बसस्टॉपवर येरझाऱ्या घालता ना, तशाच मी या आवारात घालायचे."

माझ्या अस्वस्थपणाची त्यांच्याशी बरोबरी करायची मला लाज वाटली, आणि तरी खूप बरंही वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "आता आपण एकमेकींना तू म्हणूया." इथे हा मान असतो. पण ऐंशी वर्षांच्या बाईला तू म्हणायला माझी जीभ रेटेना. मी वाक्यंच अशी फिरवायला लागले की तू-तुम्ही काही लागूच नये.

वसंतात बेकरी कायमची बंद झाली. त्याच सुमारास आजींनी बसस्टॉपवर उभ्या उभ्या मला सांगितलं, "मी घर सोडतेय. शहरात म्हाताऱ्यांसाठी फ्लॅट असतात, तिथे एक मिळालाय. खाली बस, समोर सिनेमा."

गावात गवगवा झाला. दफनभूमीच्या फाटकाशी एक शेजारीण माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "या वयात झाड उपटून दुसरीकडे लावत नाहीत हो."

"पहिल्यांदा उपटलं तेव्हा विचारलं होतं का कुणी?" आजी म्हणाल्या. "या वेळी मी स्वतः निघालेय. कळलं?"

शेजारणीने मान खाली घालून नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घातलं.

सामान बांधायला मी गेले. त्यांची मुलं बाहेरगावी होती, ती फक्त ट्रक ठरवून मोकळी झाली होती. आजींनी अर्ध्याहून जास्त वस्तू वाटून टाकल्या. मला एक जाड लोखंडी तवा दिला. भाकरी त्यावर छान होते. निघताना त्या गाडीत पुढे बसल्या, पट्टा लावला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला लवकर." घराकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मीच तिथे रडत उभी. घर सोडून त्या चालल्या होत्या आणि माझी लेक मला जर्मनमध्ये विचारत होती, "आई, तू का रडतेस?"

त्या उन्हाळ्यात माझ्या पदवीला मान्यता मिळाली. मी ड्रायव्हिंग शिकले, पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले आणि शहरातल्या एका दवाखान्यात कामाला लागले. सुटी झाली की कधीकधी आजींकडे जाते. त्या बहुतेक वेळा घरी नसतात. एकदा फोनवर म्हणाल्या, "अगं, मी डॅन्यूबवर बोटीत आहे, नंतर बोल."

"मग मन लागलं का शेवटी?" मी विचारलं.

"छे! पण आता निदान जायला जागा खूप आहेत."

आम्ही मात्र अजून इथेच आहोत. लेकीला शेजारच्या गावात शाळा मिळाली आहे, अग्निशमन दलाच्या मुलांच्या गटात ती जाते, गास्टहाउसवाली बाई तिला नावाने हाक मारते. नवरा हल्ली तात्पुरतं हा शब्द काढत नाही. मीच जेवणं झाल्यावर फोनवर शहरातली घरं बघत बसते. परवा त्याने विचारलं, "एखादं आवडलं, तर जायचं का खरंच?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि पुढचं घर उघडलं.