कल्ला

आज मासळी बाजारात मासेवालीने अंगठ्याने पापलेटचा कल्ला उचलून दाखवला आणि त्या ओल्या, खारट वासासरशी मला खोपट भागातल्या आमच्या फ्लॅटमधला खाऱ्या पाण्याचा फिश टँक आठवला. त्यातल्या नारिंगी क्लाऊनफिशने खायचं सोडलं होतं आणि तो कोपऱ्यात नुसता धापा टाकत होता. अंगावर ठिपका नाही, जखम नाही. फोनवरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तर एक शहाणा म्हणाला तांब्याचं औषध घाल, दुसरा म्हणाला चुकूनही घालू नकोस, आणि डोंबिवलीच्या दुकानदाराने तिसरीच बाटली गळ्यात मारली. मी वेड्यासारखा पाणी बदलत होतो, मीठ मोजत होतो. जन्मभर मासे विकलेली माझी आई मागून एकच सांगत होती, "अरे, कल्ले बघ ना त्याचे." "आई, हा बाजार नाहीये!" मी तिच्यावरच खेकसलो. चौथ्या दिवशी मासा उलटा तरंगला. आईने तो तळहातावर घेतला आणि अंगठ्याने कल्ला उचलला. आत लाल काही नव्हतंच, सगळं पांढरंफटक आणि चिकट. रोग तिथेच बसला होता. "मेल्यावर कल्ला गिऱ्हाईक बघतं," ती म्हणाली, "तू तर त्याच्या घरचा होतास ना रे?" इकडे मासेवाली अजून कल्ला धरून बसली होती. "ताजाच असेल, द्या," मी म्हटलं आणि न बघताच पिशवी पुढे केली.