धरणाजवळ विझणारे दिवे

हमिदाभाभींना गाडी चालवायची भीती वाटते. आजही वाटते. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणी त्यांना धाडसी म्हणेल. भीत भीत केलेलं काम बिनभीतीच्या कामापेक्षा जड असतं. ते त्यांनी केलं, म्हणून लिहितो.

आम्ही वरुडचे. त्यांच्या आणि माझ्या घरात एक भिंत. मी देवीदास, अमरावतीला टायर रिमोल्ड करायच्या कारखान्यात आयुष्य काढलं. झिजलेलं टायर घासायचं, त्यावर नवा रबर चढवायचा, साच्यात भाजायचं. टायरमधलं मला कळतं. तारांमधलं कळत नाही.

हमिदाभाभींचा नवरा हुसेन संत्र्याचा व्यापारी. झाडावरचा माल पाहून बाग घ्यायची, फळ तोडून पेट्या भरून बाहेर पाठवायच्या, हा त्याचा धंदा. मग ती कोरडी वर्षं आली. शेंदूरजनाघाटाकडच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी झाडं तोडून सरपणाला दिली. माल नाही तर व्यापारी कसला. हुसेनने ट्रक विकला, ड्रायव्हरला सोडलं. दारात राहिली ती उंच बांध्याची पाच जणांची गाडी, चांगल्या दिवसांत मुलाच्या हट्टाने घेतलेली. त्याच वर्षी हुसेनच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. जागा मिळाली ती सकाळच्या पहिल्या पाळीत. म्हणजे वरुडहून अंधारात निघायचं. मशीनवरून उठल्यावर हुसेनला उभं राहवत नसे, म्हणून एसटी नाही. मुलगा शाहनवाज अकोल्याला गाड्यांत दिवे आणि गाण्यांचे टेप बसवायच्या दुकानात कामाला. तो रविवारीच यायचा. तेव्हा हमिदाभाभी उतारवयात गाडी शिकल्या. कारखान्याचा टेम्पो मी चालवलेला होता, म्हणून शेजारी मी बसलो. पहिला महिना त्यांचे हात स्टेअरिंगवर इतके घट्ट असायचे की उतरल्यावर बोटं उघडायला वेळ लागे. पण एकदाही 'आज नको' म्हणाल्या नाहीत.

टायर मी तपासले. वरून नक्षी होती, पण कडेला बारीक भेगा होत्या, नख रुतत होतं. हुसेन म्हणाला, "देवीदास, तुह्या कारखान्यातून रिमोल्ड करून आन ना. दोस्ताची गाडी हाय."

"या गाडीले रिमोल्ड नाई चालत," मी म्हणालो.

"जिंदगीभर लोकायले विकलं अन् आता चालत नाई?"

"ट्रकले चालते. भाभी चालवते त्या गाडीले नवंच पाह्यजे."

नवे चार टाकले. स्टेपनी बदलायला त्यांना मी शिकवलं. नट हातांनी सुटत नाही, पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं. त्या साडी खोचून उभ्या राहिल्या, घसरल्या, घोटा सोलवटला, पुन्हा उभ्या राहिल्या. पाचही नट सोडल्यावरच खाली बसल्या. त्यानंतर त्या एकट्याच हुसेनला घेऊन जाऊ लागल्या.

दिवाळीनंतर एक दिवस त्या माझ्या ओट्याशी आल्या. चेहरा उतरलेला.

"देवीदासभाऊ, पुढच्या खेपेले तुमी येता का सोबत? मोर्शीजवय दिवे गेले व्हते."

"बल्ब उडाला असन."

"उडाला अस्ता तं परत कसा आला?"

मोर्शीच्या बाजूला धरण आहे. थंडीत त्या पट्ट्यात धुकं रस्त्यावर बसतं. तिथेच गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. समोरचा काटे दाखवणारा फलकही काळा. इंजिन मात्र चालू. रस्ता कुठे वळतो ते दिसेना. मागून ट्रक येत होता. आपला मागचा लाल दिवा तरी जळतोय का, हे बघायला त्या उतरूही शकत नव्हत्या. ट्रक हॉर्न देत आरशाला घासून गेला. थोड्या वेळाने दिवे आपोआप आले.

भिंतीपलीकडून, त्यांच्या घरातल्या बाजेवरून हुसेन ओरडला, "तिले सपन पडलं. मी मांगं झोपून व्हतो, मले तं उजेडच दिसला."

"तुमचे डोये बंद व्हते."

"बंद डोयानं बी उजेड दिसते."

त्या हसल्या नाहीत. पुढच्या खेपेला मी गेलो. मोर्शी सोडली, धुकं लागलं, आणि दिवे गेले. मी कारखान्यात बॉयलर फुटताना पाहिला आहे. तेव्हा पळता तरी आलं होतं. चालत्या गाडीत डोळ्यांसमोर काळं होतं तेव्हा पाय नुसते गाडीच्या तळाला दाबले जातात. भाभी पुटपुटत होत्या, प्रार्थना होती की मोजणं, कळलं नाही. पण त्यांनी ब्रेक हळू दाबला, जोराने नाही. त्यामुळे गाडी रस्त्यावर राहिली.

मागे फिरायचा प्रश्न नव्हता. एक पाळी चुकली तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

शाहनवाज रविवारी आला. जुने बल्ब काढून एलईडी बसवले, खाली धुक्याचे पिवळे दिवे लावले, त्यांना वेगळी तार आणि वेगळा फ्यूज दिला. जुन्या टेपच्या लोंबत्या तारा काढून टाकल्या. काम त्याने चांगलं केलं. जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळली नाही, नळी चढवून तापवून बसवली. संध्याकाळी दिवे लावले तर समोरची भिंत दुधासारखी पांढरी.

"कोनाचं लगीन हाय?" हुसेन म्हणाला.

"अब्बा, आता अम्मीले दिवसासारखं दिसन."

पुढच्या खेपेला त्याच पट्ट्यात सगळे गेले. नवे एलईडी गेले, पिवळेही गेले, कारण त्यांचं बटण गाडीच्या दिव्यांच्या बटणाशीच जोडलेलं होतं. आधीचा उजेड जितका जास्त, तितका नंतरचा अंधार काळा. मी शेताला रात्री पाणी देणारे वापरतात तसली मोठी बॅटरी बरोबर घेतली होती. खिडकीतून हात बाहेर काढून ती धरली. गार वाऱ्याने बोटं बधिर झाली. भाभी गाडी रांगत्या चालीने नेत होत्या. मी ओरडून सांगत होतो, डावीकडे, सरळ, सरळ. पट्टा संपल्यावर दिवे आले, पण अमरावतीच्या अलीकडे नांदगाव पेठेच्या कारखान्यांचे दिवे दिसेपर्यंत मी बॅटरी हातातून सोडली नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मागे दुसरी भीती लागली होती. हुसेनच्या रक्तात पोटॅशियम वाढत होतं. डॉक्टरबाईंनी हमिदाभाभींना बाजूला घेऊन विचारलं, "काय खाऊ घालता यांना? असं वाढत राहिलं तर हृदय थांबेल." किडनीच्या माणसाला फळांचा रस म्हणजे विष, संत्र्याचा तर फारच. घरात संत्रं आणणं भाभींनी बंद केलं होतं. बटाटा दोनदा उकडून पाणी फेकायच्या. डाळीचं पाणी फेकायच्या. तरी आकडा चढत होता. मला एकदा म्हणाल्या, "मी काय चुकून राहिली, समजत नाई. माह्या हातचं खाऊनच तं नाई ना मरून राहिले हे?"

नवे दिवेही गेले त्या दिवशी हुसेनला मशीनला लावून आम्ही दोघं गाडी घेऊन नांदगाव पेठेला परत आलो. तिथे एमआयडीसीच्या वळणावर अफनान म्हणून तरुण वायरमन आहे. त्याने गाडीची बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, शाहनवाजचे जोड ओढून पाहिले.

"खाला, पुढं काईच खराबी नाई. ज्यानं बसवलं त्यानं बराबर बसवलं."

"मंग धरनाजवयच काहून जाते?" भाभींनी विचारलं.

"तेच पाहून राहिलो."

तो दार उघडून खाली वाकला आणि थांबला. डाव्या दाराच्या चौकटीवरून लाल मुंग्यांची रांग आत जात होती, पुढच्या डाव्या सीटखाली. त्याने सीटचे चार बोल्ट काढले आणि सीट उचलून बाहेर ठेवली.

खाली बटणाचा हुकूम सगळ्या दिव्यांना पोचवणारी पेटी होती, या गाडीत ती तिथेच असते. पेटीवर, तिच्या प्लगवर, तारांवर संत्र्याची साल. सुकून चामड्यासारखी झालेली. बिया. चोखून फेकलेला चोथा, त्यावर काळा चिकटा आणि मुंग्या. अफनानने प्लग ओढला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

"घ्या," तो म्हणाला. "धुक्याची दमट हवा लागली का हे ओलं होते, अन् पिना एकमेकीले लागते. दिवे जाते. जरा सुकलं का येते. गाडीत संत्रं नेता का तुमी?"

"नाई."

"मंग मांगं बसून खाते कोन?"

मला कळायच्या आधी भाभींना कळलं. त्यांनी गाडीच्या छपराला हात टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या. गाडीत संत्र्याचा वास असेलच. पण वरुडात तो कोणाला येतो? घराला, कपड्यांना, अंथरुणाला तोच वास. भाभी चटया झटकायच्या, काचा पुसायच्या. सीटखाली हात घालायचं कारणच नव्हतं.

मुंग्या झटकून त्यांनी साल आणि चोथा रुमालात बांधला. अफनानने पिना घासून धुतल्या, दोन तुटक्या बदलल्या, गरम हवेने सगळं सुकवलं, पेटीवर रबराचं आवरण घातलं. मग प्लगवर मुद्दाम पाण्याचा फवारा मारून दिवे लावून पाहिले. गेले नाहीत. भाभींनी ते पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष रुमालाकडे.

हुसेन अजून मशीनवर होता. नळ्यांतून त्याचं रक्त फिरत होतं. भाभींनी रुमाल पलंगावर ठेवून उघडला.

"हे काय हाय?"

हुसेनने पाहिलं.

"आंबिया बहाराचं फय हाय," तो म्हणाला. "साल पातय."

"कधीपासून?"

"मी खाल्लं नाई, हमिदा."

"मंग?"

"चाखलं. रस चोखला, चोथा थुकला. बागेत असंच करत व्हतो. पोटात काई जात नाई."

"रस कुठी जाते?"

हुसेन छताकडे पाहू लागला. मी दाराशी होतो, बाहेर जावं की थांबावं ते कळेना.

"धंद्यातले पोट्टे येते घरी," तो म्हणाला. "हातात फय देते. म्हनते, हुसेनभाई, पाहा, कोनत्या भावाचं हाय. नुसतं हातात घेऊन भाव सांगता येत नाई. जीभ लागते. तू गाडी चालवाले लागली का अंधारात कोटाच्या खिशातून काढत व्हतो. अजून माह्या भावात फरक पडत नाई, इचार कोनाले."

"मी आलू दोनदा उकडून राहिली," भाभी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "डॉक्टरबाईसमोर कसम खाल्ली. मले वाटलं माह्या हातूनच जाऊन राहिले तुमी."

त्यांनी रुमाल पुन्हा बांधला आणि डॉक्टरबाईंना नेऊन दाखवला. बाईंनी हुसेनच्या छातीला तारा लावून हृदयाची रेघ कागदावर काढली. त्या दिवशी मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. दार उघडलं की भाभी उठायच्या, दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं की बसायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, दिवे गेले नसते तं..." तेवढ्यात दार उघडलं, त्या उठल्या.

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. हुसेनचा कोट भाभींनी खिसे उलटे करून दोरीवर टाकला. मग दारोदार जाऊन सांगून आल्या, आमच्या घरी कोणी फळ घेऊन यायचं नाही. हुसेन दोन दिवस कोणाशी बोलला नाही. त्याचं मला वाईट वाटलं. पारखायला कोणी येत नाही, मग हुसेनकडे काय उरलं? पण मी भाभींना अडवलं नाही.

पुढची खेप. मी म्हणालो, येतो. भाभी म्हणाल्या, मागे बसा. हुसेनला त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. दिवे गेले तर उजेड धरायला बॅटरी माझ्या मांडीवर होती. मोर्शी मागे पडली. धुकं आलं, नेहमीपेक्षा दाट. पांढरा उजेड त्यावर आपटून परत येत होता, म्हणून भाभींनी वरचा दिवा कमी केला आणि खालचे पिवळे लावले. रस्त्याची कड दिसू लागली. मी बॅटरीच्या बटणावर अंगठा ठेवून होतो. अफनानने पाणी मारून दाखवलं होतं ते दुकानाच्या आडोशाला. इथे धरणाची हवा होती.

"हात," भाभी म्हणाल्या. नजर रस्त्यावर.

"काय?"

"दोन्ही हात वर ठेवा. दिसाले पाह्यजे मले."

हुसेनने दोन्ही हात समोरच्या फलकावर ठेवले. काट्यांच्या हिरव्या उजेडात ते दिसत होते. सुईच्या जागी फुगलेली शीर, बोटांच्या टोकांना सालीचा जुना पिवळेपणा.

"देवीदास, पाह्यलं का?" तो मागे न वळता म्हणाला. "पोलीस झाली ही."

समोरून ट्रक आला, उजेडाचा लोळ होऊन गेला. आमचे दिवे तसेच राहिले. धरणाचा पट्टा संपत आला तरी भाभींचे खांदे कानांपर्यंत वर होते.

थोड्या वेळाने हुसेनचा एक हात खाली सरकला, गुडघा खाजवायला असेल.

"हात," भाभी म्हणाल्या.

त्याने तो परत वर ठेवला.