भरवशाची गाडी

येलहंक्याहून आनेकल म्हणजे अख्खं बेंगळुरू ओलांडायचं. तिकडे भावाकडे माझी आई असते. वर्षानुवर्षं मी नवऱ्याला विचारत आले, "या रविवारी सोडता का?" आणि ह्यांच्या लहरीवर माझं माहेर ठरायचं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. मग ठरलं, मला झेपेल अशी छोटी एसयूव्ही घ्यायची.

घ्यायची, पण भरवशाची. ह्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेली. तिथे माल पास करण्यापेक्षा नापास करण्यात मोठेपणा. नव्या मॉडेलचा पहिला लॉट घ्यायचा नाही, हा घरातही कायदा. शोरूमच्या चकचकीत फरशीवर आडवे होऊन, टॉर्च मारून ह्यांनी गाडीचं पोट तपासलं. निवृत्त मित्रांची समिती आली, चहा प्यायली, शेरे मारून गेली. दिवाळी गेली, पुढची आली. हातचा सराव जाऊ नये म्हणून मी शेजारणीची गाडी सोसायटीतल्या सोसायटीत फिरवत राहिले.

शेवटी एक गाडी पास झाली. ती ताब्यात देताना शोरूमवाल्याने विचारलं, चालवणार कोण? "मी," हे म्हणाले. मी शेजारीच उभी होते, पेढ्यांचा पुडा धरून. घरी आल्यावर जाब विचारला.

"अगं, गाडीचा भरवसा आहे. रिंग रोडवर तुझा कसा धरायचा?"

मला नापास केलं, तेही न तपासता. इतका संताप आला की मी बोलणंच टाकलं. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पंधरवड्याने आईने बोलावलं. हे गाडी घेऊन मित्राकडे गेले होते, दाखवायला. मी बस बदलत आनेकल गाठलं. लेक स्वतः गाडी चालवत येणार म्हणून आई फाटकाशी खुर्ची टाकून बसली होती. माझ्या मागे रस्त्यावर बघत तिने विचारलं, "कुठं लावलीस?"

"बिघडलीय," मी म्हटलं.

"इतक्यात? जावईबापूंनी एवढी तपासून घेतली ना?"

मग ती गाडी बनवणाऱ्यांना नावं ठेवत बसली आणि मी तिच्या होला हो करत राहिले. घरच्या माणसाला माझा भरवसा नाही, हे आईला सांगण्यापेक्षा कोऱ्या गाडीला बदनाम करणं सोपं होतं.