शेठची आंघोळ आणि प्रणालीचं लाटणं

फ्रीज उघडायला प्रणालीनं लाटणं आणलं. दाराच्या हँडलमध्ये घातलं, ओढलं, दार उघडल्यावर लाटणं ओट्यावर ठेवलं आणि कोकम सरबताची बाटली काढून माझ्यापुढे ग्लास धरला. सगळं इतक्या सरावानं, की मी दोन घोट पिऊन झाल्यावर विचारलं, "लाटणं कशाला?"

"हाताला मुंग्या येतात, मॅडम. आई टॉवेल वापरतात. मला लाटणं बरं पडतं."

मी तिथे फ्रीजसाठी गेलेच नव्हते. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. तळोज्याच्या एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्स केला, आता पनवेलमध्ये स्वतःची कामं घेते. विचुंब्याच्या नामदेवशेठच्या धाकट्या मुलाची परवा हळद होती. मांडवाच्या लायटिंगचा लोड घरच्या मीटरला झेपेल का, एवढंच बघायचं होतं. प्रणाली ही त्यांची थोरली सून.

"आमच्या बायकांना भास होतान," नामदेवशेठ दारातून म्हणाले. "मना त कदी नाय लागला शॉक. याच फ्रीजमदून रोज पानी घेतंय."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. जाड रबरी चपला. स्वयंपाकघराला लागूनच देवघर, त्यामुळे बायका तिथे अनवाणी. शेठ मात्र दारापर्यंत चपला घालून यायचे आणि तिथूनच हात लांब करून बाटली काढायचे.

चपलांचा मुद्दा मी तेव्हा काढला नाही. आधी टेस्टर काढला आणि फ्रीजच्या दाराला लावला. पेटला नाही. मागे, खाली, बिजागरीला लावला. काही नाही.

"बगा," शेठ खूश झाले. "आता मी आंगोल करून येतो, मंग लायटिंगचा बोलू." आणि ते वरच्या मजल्यावर गेले.

प्रणालीनं ग्लास विसळला. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटं थांबा. आणि परत लावून बघा."

"का?"

"बाबा आंघोळीला गेले की मुंग्या येतात. मी महिनाभर बघतेय. पण सासऱ्यांच्या आंघोळीनं मला शॉक बसतो, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

इतक्या वर्षांत अशी कंप्लेंट माझ्याकडे आली नव्हती. पाच मिनिटांनी टेस्टर लावला. लख्ख पेटला. फ्रीजचं बटण बंद केलं, तरी पेटलेलाच. व्होल्टेज मोजायला मीटर लावला. मुंग्यांवर भागलं हे नशीब म्हणावं असा आकडा होता.

इथे थोडं समजावते. प्लगची जी जाड पिन असते, ती अर्थिंगची. घरातल्या सगळ्या जाड पिनांच्या वायरी एकत्र येऊन जमिनीत जातात. मोरीचं पाणी जसं वाहून जातं, तसा एखाद्या यंत्रात गळलेला करंट तिथून निघून जातो. पण मोरी तुंबली तर पाणी घरभर पसरतं. अर्थिंग जमिनीपर्यंत पोचलंच नसेल, तर एका यंत्रात गळलेला करंट त्याच वायरींवरून घरातल्या सगळ्या यंत्रांच्या पत्र्यावर येतो. फ्रीज बिचारा निर्दोष होता. गळत होता वरचा गीझर.

आणि त्या गीझरखाली शेठ बसले होते.

मी पोर्चमध्ये धावले आणि मेन स्विच खाली ओढला. मग जिन्यावरून ओरडले, "शेठ, नळाला हात लावू नका."

"आंगाला साबन हाय माजे," आतून आवाज आला. "लायट कोनी घालवली?"

"मी. तसेच बाहेर या."

ते टॉवेल गुंडाळून, एका कानात फेस घेऊन बाहेर आले. मी विचारलं, "नळ धरल्यावर हाताला काही जाणवतं?"

"जानवतं ना. जरा झिनझिन होतं. चांगला वाटतं खांद्याला. दोन म्हयने झाले, डाक्टरकरं गेलो नाय."

शेठ लाकडी पाटावर बसून प्लास्टिकच्या बादलीतून आंघोळ करायचे, म्हणून झिणझिणीवर निभावलं होतं. हे सांगितल्यावर ते खांदा चोळत राहिले.

मी गीझरच्या वायरी सोडवल्या आणि मेगर लावला. मेगर म्हणजे करंट कुठे गळतोय का, ते दाखवणारा मीटर. गीझरचा कॉइल पार गेला होता. गीझर सोडवून मेन चालू केला, फ्रीज शांत.

आता पोर्चमधला बोर्ड उघडला. अशा वेळी घरातली लाइट आपोआप पाडायला आरसीसीबी नावाचा एक स्विच असतो. करंट भलत्या वाटेनं, म्हणजे माणसाच्या अंगातून जाऊ लागला की तो क्षणात पडतो. इथे तो होता. फक्त त्याच्या दोन्ही वायरी काढून बाजूनं थेट जोडल्या होत्या.

"तो सारका परायचा," शेठ म्हणाले. "मंग आमच्या केतननं डायरेक करून दिला."

केतन हा त्यांचा भाचा. घराची वायरिंग त्यानंच केली होती. त्याला बोलावलं. आला, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "अर्थिंग ओके आहे, मॅडम. अंगणात अर्थिंगचा चेंबर आहे ना."

चेंबर खरंच होता. झकास, वर लोखंडी झाकण, झाकणाला हिरवा रंग. मी ते उचलायला सांगितलं. आत तांब्याच्या पट्टीची छान गुंडाळी करून ठेवलेली. खाली सिमेंट. पट्टी कशालाच जोडलेली नव्हती.

"जमिनीत जाणारा रॉड कुठेय?"

"खड्डा घ्यायचा राहिला," केतन म्हणाला. "वास्तुशांतीची घाई होती, पेव्हर ब्लॉक बसवून टाकले. पण पट्टी आणलीय ना इथपर्यंत."

मी म्हटलं, आजच खड्डा घ्यावा लागेल. शेठनी मान हलवली. "परवा हलद हाय. मांडवाच्या तोंडाशी आंगन कुठं उकरताव? हलद होऊ द्या."

"मग लायटिंग मी जोडणार नाही. आणि जोडू नये, असं लिहून देईन."

"म्याडम, एका दिवसाचा काम हाय तुमचा."

"म्हणूनच म्हणतेय, एका दिवसात होईल."

इतका वेळ शेठच्या पत्नी, शेवंताबाई, पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "हलदीला समदी जना वल्ली आनि अनवानी. माजी बहीन येल, तिची नातवंडा येतील. केतन, पहार आन. तूच खन."

विषय तिथे मिटला.

संध्याकाळपर्यंत केतननं खड्डा खणला. पेव्हर ब्लॉक त्यानंच बसवले होते, त्यामुळे किती घट्ट बसवलेत ते त्यालाच नीट कळलं. दुसऱ्या दिवशी रॉड गेला, पट्टी जोडली, रीडिंग चांगलं आलं. गीझरला नवा कॉइल आणि बोर्डात नवा आरसीसीबी बसवला. प्रणालीनं फ्रीजला हात लावला, काढला, परत लावला. मग लाटणं पोळपाटावर नेऊन ठेवलं.

हळदीच्या दिवशी तिन्हीसांजेला फोन आला. मागे डीजे वाजत नव्हता, म्हणून लाइट गेलीय हे मी आधीच समजले.

"म्याडम, बोर्डातला तुमचा नवा डबा परला. समदा अंदार. दोनशे मानसा बसलीन."

"आत्ता काय लावलं?"

फोनवर थोडी चौकशी झाली. "मेव्हन्याचा कूलर. पत्र्याचा हाय. केतननं लावला."

"तो काढा आणि डब्याचा खटका वर करा."

दोन मिनिटांनी फोनमध्येच डीजे सुरू झाला. शेठना ओरडून बोलावं लागलं. "तो कूलर पोरांच्या पंक्तीशेजारी ठेवलेला, म्याडम. खाली पानी सांडलेला." मग जरा थांबून, "डबा परला, ता बरा झाला ना?"

"बरं झालं."

आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, तो आपलं काम करत असतो. त्याला डायरेक्ट करू नका, तो का पडतोय ते शोधा. आणि "अर्थिंग ओके आहे" असं कोणी म्हणालं, तर झाकण उघडून बघा. मी आता जोडणीचा फोटो मागते. नुसत्या झाकणाचे फोटो पाठवणारे फार आहेत.