सॅक्सोफोन येण्याआधीची चार आवर्तनं

गुरुप्रसादकाका एकतीस वर्षं कतारच्या गॅस प्लँटमध्ये नोकरीला होते, पण त्यांना विचाराल तर ते मूळचे जॅझवाले. दोहाच्या अल सद्द भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शिरलं की काचेच्या कपाटात एकच एलपी रेकॉर्ड उभी दिसते. पुण्यातल्या त्यांच्या कॉलेजच्या बँडनं पंच्याऐंशी साली काढलेली. कव्हरवर काका, कपाळावर केस, छातीशी सॅक्सोफोन. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'इतर साथ' म्हणून चार नावं. त्यांतलं पियानोचं नाव अलकाकाकूंचं. पुढे दोघांचं लग्न झालं, आणि पियानो पुण्यातच राहिला.

हिप-हॉपवर काकांचा विशेष राग. अमेरिकेतल्या पोरांनी चाळीसेक वर्षांपूर्वी जुन्या जॅझच्या रेकॉर्डी धुंडाळल्या, त्यांतले पाच-दहा सेकंदांचे तुकडे कापले, मशीनवर गोल गोल फिरवले आणि त्यांवर आपलं बोलणं चढवलं. याला सॅम्पलिंग म्हणतात. काका दरोडा म्हणत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी यावर पन्नास मिनिटं भाषण ठोकलं होतं. दिलेला विषय 'निवृत्तीनंतरचा आहार' होता.

माझ्या ऑफिसातला जियाद दोहाजवळच्या अल वक्राला राहतो आणि सुट्टीत रॅपसाठी बीट्स बनवतो. जगात दुसऱ्या कुणाला सापडणार नाही अशी जॅझची रेकॉर्ड त्याला हवी होती. मी निव्वळ खोडसाळपणानं त्याला काकांकडे पाठवलं. वाटलं, परत येतानाचा चेहरा बघण्यासारखा असेल. दोन तासांनी पठ्ठ्या खजूर चघळत बाहेर आला, लॅपटॉपमध्ये अख्खी एलपी आणि हातात काकांच्या सहीची परवानगी घेऊन.

"पूर्णिमा," काका मला डोळे मिटून म्हणाले, "कला पुढच्या पिढीच्या हाती द्यावीच लागते." दरोड्याचा वारसा व्हायला एवढाच वेळ लागला.

पण हसता हसता मला टोचतही होतं. काका पुढच्या महिन्यात कायमचे पुण्याला निघाले होते. दर कार्यक्रमाला ते सॅक्सोफोन घेऊन येत आणि दर वेळी वेळेअभावी त्यांचाच नंबर कापला जाई. गेली काही वर्षं कापणारी मीच, सांस्कृतिक समितीची सचिव. जाण्याआधी एकदा तरी सगळ्यांनी आपला सूर ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती खरी होती. म्हणून निरोपाच्या सत्कारात जियादचं गाणं लावायचं ठरलं. ते आधी कुणीच ऐकलं नाही. "सरप्राइज असू दे," काकाच म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला. शाल झाली, नारळ झाला, गाणं लागलं. पियानो सुरू झाला. साधे, थोडे रेंगाळणारे सूर, मोजून चार आवर्तनं. काकांनी बोट वर केलं, "आता!"

पियानो पुन्हा पहिल्यापासून. त्यावर ड्रम आले, जियादचं अरबी रॅप आलं, खाली पियानो तोच. काकांचं बोट वरच. "आता येईल," ते पहिल्या रांगेला सांगत राहिले. तीन मिनिटांनी गाणं संपलं तेव्हा बोट कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"माझा सॅक्सोफोन?"

"अंकल, तुम्ही सुरू झालात तिथेच मी कापलं," जियाद इंग्रजीत, अगदी आदरानं म्हणाला. "सॅम्पलला मोकळी जागा लागते. जिथे कुणी भाव खात नाही अशी. पियानोवर कोण आहे?"

"साथीदार," काका म्हणाले.

काकू पहिल्या रांगेत सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी माइक त्यांच्यापुढे धरला.

"ती चार आवर्तनं मूळ गाण्यात नव्हतीच," काकू म्हणाल्या. "टेप सुरू झाली आणि हे स्टुडिओच्या काचेत बघून भांग पाडत होते. मी आपली यांची वाट बघत वाजवत राहिले."

हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी. आणि मग माझी मलाच लाज वाटली. अकरा वर्षं यांच्या शेजारी राहते, साबुदाण्याच्या खिचडीचे यांचे किती डबे रिकामे केले असतील, पण काकू, तुम्ही काय वाजवायचात, एवढं कधी विचारलं नाही.

"यल्ला, आंटी!" जियादनं बालगीतांसाठी आणलेला कीबोर्ड पुढे ओढला. काकूंनी पेटी काकांच्या हातात दिली आणि त्या जाऊन बसल्या. दोन-तीन सूर चाचपले, मग बोटं चालू लागली. काकांनी लगबगीनं सॅक्सोफोन जोडला, पट्टा गळ्यात अडकवला, रीड ओली केली आणि पुढे सरसावले.

"अहो, जरा थांबा," काकू मान वर न करता म्हणाल्या.

चार आवर्तनं झाली. आठ झाली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. खांद्यावरची शाल घसरत होती, तरी काका सॅक्सोफोन तोंडापाशी धरून तसेच उभे होते, आणि काकू वाजवत होत्या.